दोन बोटं कमी

आमच्या घरी गाडीला चावी लागण्याआधी तिचं बॉनेट उघडतं. गाडी माझी, लायसन माझं, उरणहून पनवेलच्या दिशेने कंटेनरच्या रांगांमधून जीव मुठीत धरून रोज शाळेत शिकवायला जाते ती मी. पण गाडीने सकाळी अंगण सोडायचं की नाही, हे ठरवतात आमचे सासरे. त्यांना घरात सगळेच आबा म्हणतात, मीही म्हणते. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी वडिलांबरोबर मिठागरात राबले, नंतर पस्तीस वर्षं ट्रक आणि ट्रेलर चालवले, आणि म्हातारपणी त्यांच्या वाट्याला आली माझी जुनी, पांढरी, छोटीशी पेट्रोलची गाडी. हत्तीच्या माहुताला शेळी राखायला द्यावी तसलाच प्रकार. पण आबा शेळीही हत्तीच्याच रुबाबात राखत.

सव्वासहाला ते अंगणात येत. खांद्यावर सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. तो तुकडा फक्त गाडीचा, त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं की आधी नुसतं आत बघत उभे राहत, काहीही न करता. मग हात घालून डिपस्टिक ओढत. ते तिला पट्टी म्हणत. इंजिनात ऑइल किती आहे ते सांगणारी ती लांब, लवचिक पट्टी, टोकाला दोन खुणा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल असलं की पोट भरलेलं, खालच्या खुणेखाली गेलं की उपास.

"पयली काढलेली पट्टी खोटा बोलते," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पुसाची, परत बुरवाची, मंग वाचाची. मानसाचा पन तसाच. पयल्यांदा जा काय बोलल त्यावर जाव नको."

मी शाळेत विज्ञान शिकवते. इंजिनाची चारही आवर्तनं फळ्यावर आकृतीसकट काढून दाखवते. पण एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले तेव्हा बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो, हे मला ठाऊक नव्हतं. आबांनी ते ताडलं आणि माझी शिकवणी सुरू केली. दुसऱ्याच आठवड्यात मी वायपरसाठी कालवलेलं साबणाचं पाणी मोठ्या आत्मविश्वासाने कूलंटच्या टाकीत ओतायला निघाले. आबांनी माझं मनगट हवेतच धरलं.

"मास्तरीन हायस ना तू? झाकनावं चित्र हाय. त्या तरी वाच."

झाकणावर खरंच चित्र होतं. काचेवर उडणारे पाण्याचे फवारे, पहिलीतल्या पोरालाही कळतील असे. फक्त ते दुसऱ्या टाकीच्या झाकणावर होतं. ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी दूधवाल्याला सांगितली, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर सांगितली, आणि माझा नवरा बंदरातली पाळी संपवून घरी आला तेव्हा चपला काढायच्या आत त्यालाही सांगितली.

पण खरी गंमत बॅटरीची. ट्रकच्या बॅटरीला सहा झाकणं असत. ती उघडून आत पाणी घालायचं, हे आबांच्या आयुष्यातलं एक प्रेमाचं काम. माझ्या गाडीची बॅटरी सीलबंद निघाली. आबांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या, वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं.

"हिला त्वांडच नाय," ते म्हणाले. "मंग पानी पाजाचा कसा?"

"हिला पाणी लागत नाही, आबा."

"तान लागत नाय असा कोन जलमलाय?"

पाणी पाजता येत नाही म्हटल्यावर त्यांनी सगळी माया तिच्या टर्मिनलांवर वळवली. आमच्याकडे खाडीची हवा. दाराच्या कड्या, खिडक्यांचे गज, सायकलची चेन, कशालाच सोडत नाही. बॅटरीच्या टोकांवर महिन्याभरात पांढरी-हिरवी बुरशी फुलते. आबा कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती टोकं घासत, कोरडी करत, वरून व्हॅसलीन चोपडत. ढोकळ्याच्या दिवशी सासूबाई सोड्याचा डबा उघडत आणि तळ दिसला की ओरडत, "बॅटरीला घातलास तं ढोकला पन तिच्याकरूनच करून घे!" आबा तेवढ्या वेळापुरते बहिरे होत.

हे सगळं आवरून, हात पुसून ते मला म्हणत, "जा." एवढंच. कधीकधी "थांब" म्हणत, आणि मग मी कितीही पाय आपटले तरी काहीतरी घट्ट किंवा सैल होईपर्यंत थांबावंच लागे. मी तापट आहे, हे शाळेत पोरांना माहीत आहे आणि घरात भांड्यांना. माझ्याच गाडीसाठी मी परवानगी मागत उभी राहते याचा मला रोज सकाळी राग येई. पण बंद पडलेल्या गाड्यांचे मालक भर रस्त्यात हात वर करून उभे दिसत, त्यांच्याजवळून सुसाट जाताना तो राग कुठे जाई, कोण जाणे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीचं ऑइल बदलून घेतलं आणि तिथून भांडण सुरू झालं.

शाळा सुरू होऊन चारपाच दिवस झाले असतील. आबांनी पट्टी काढली, पुसली, बुडवली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाले, "दोन बोटं कमी."

"आत्ताच तर भरलंय."

"मी खोटा बोलतंय?"

त्यांनी शेडमधून ऑइलचा डबा आणला आणि एक टोपण भरून ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं कमी. पुन्हा एक टोपण. असा तो नेमच झाला. मी घाईत असायची. डबा-पिशवी सावरत मी नुसतं "झालं का?" एवढंच ओरडायची. पट्टीकडे मी स्वतः एकदाही पाहिलं नाही, हे इथेच कबूल करून टाकते.

पंधरवड्यात गावभर झालं की मास्तरणीची गाडी ऑइल पिते. आबा हे अशा सुरात सांगत, की एखाद्याची सून चोरून काही पिते म्हणून कळलं असावं. मला ते फार लागलं. गाडी माझी पहिली. तिच्यावर कुणी शिंतोडे उडवले की मी पदर खोचून उभी. "रोज पन्नास किलोमीटर पळते ती, पिईल नाही तर काय करेल?" असं मी एकदा भर गल्लीत म्हणाले. ते विज्ञानाच्या शिक्षिकेला मुळीच शोभणारं नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला गाडीच्या धुराला निळसर झाक आली. चढावर ती कुंथायला लागली, थांबवली की जळक्या तेलाचा वास येई. आबांनी मागे उभं राहून धूर हुंगला, हात पाठीशी बांधले आणि निकाल दिला.

"इंजन गेला. रिंगा गेल्या हिच्या. वाटंत बंद परल. ही गारी इकून टाक."

"नाही विकणार."

"उंद्यापास्ना यष्टीनं जा. मी जा बोलनार नाय."

आणि नाहीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला अंगणात आलेच नाहीत. ओटीवर पाय पोटाशी घेऊन बसले आणि माझ्याकडे पाठ केली. मी तणतणत एसटीने गेले, पहिला तास बुडाला, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. दिवसभर डोक्यात एकच. आबांना खोटं पाडायचं. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, तेव्हा घरी येऊन कुणाला न विचारता गाडी काढली आणि नाक्यावरच्या गॅरेजात नेली.

तिथले मिस्त्री जुने, आबांना ओळखणारे. त्यांनी गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायला लावलं, मग पट्टी काढली. पाहिली. पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा पाहिली आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम, इंजिन एकदम खणखणीत आहे. पण एवढं ऑइल कोणी भरलं?"

पट्टीच्या दोन खुणांच्या कितीतरी वर, जवळजवळ मुठीपर्यंत ऑइल होतं. मिस्त्रींनी खालचा बोल्ट सैल करून काढलेलं ऑइल बाटलीत धरलं. लिटरभराच्या वर निघालं. "जास्त पाजलं तरी धूर येतो," ते म्हणाले. "पोटाला तडस लागल्यावर कोण पळणार?" मग ऑइल नेमकं वरच्या खुणेपर्यंत ठेवून, पट्टी पुसून, पुन्हा बुडवून त्यांनी मला दाखवली. नवं ऑइल काळं नव्हतं, मधाच्या रंगाचं, पारदर्शक होतं. उजेडाकडे तिरकी धरली तेव्हाच मला त्याची कड दिसली.

गॅरेजातून निघाले तेव्हा मी जिंकले होते. खाडीपुलापर्यंत तर मी आबांना काय काय ऐकवायचं त्याची वाक्यंही जुळवली होती. रिंगा गेल्या म्हणे! इका म्हणे! आणि पूल उतरता उतरता ती वाक्यं मी अर्ध्यातच सोडून दिली. माझे डोळे धड, आणि मला ती कड तिरकी धरल्यावर दिसली. मग आबा महिनाभर काय पाहत होते? जुनं काळं ऑइल पट्टीवर उठून दिसे, तोवर सगळं ठीक होतं. नवं भरलं आणि त्यांना पट्टी कोरडी दिसायला लागली. गाडी काहीच पीत नव्हती. मला रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन थोडं थांबावं लागलं.

घरी जाऊन एवढंच सांगितलं की मिस्त्रींनी दुरुस्त केली. रविवारी सकाळी आबांच्या आधी अंगणात गेले, पट्टी पाहिली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला. मग ओटीवर जाऊन म्हटलं, "आबा, एकदा बघून घ्या ना." ते कुरकुरत आले. पुसली, बुडवली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. अंगठ्याने टोक चोळलं, हुंगलं.

"दोन बोटं कमी," ते म्हणाले, आणि डब्याकडे हात नेला.

मला खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पस्तीस वर्षांत ज्यांचा ट्रक तेलपाण्याअभावी एकदाही रस्त्यात उभा राहिला नाही, त्यांना त्यांच्याच अंगणात हे कुणी सांगायचं? माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आबा, अंगणाला उतार आहे! गाडी तिरकी उभी राहते, ऑइल मागे जातं, म्हणून पट्टीवर कमी दिसतं. पुस्तकात दिलंय."

गाडीच्या पुस्तकात तसं खरंच दिलं आहे. गाडी उतारावर उभी करून पट्टी वाचू नये. आणि रस्ता उंच झाल्यावर आम्ही अंगणात मुरूम टाकून भर घातली होती, पाणी वाहून जावं म्हणून उतारही दिला होता. मला वाटलं, काय अक्कल चालवली! दोष मुरमाचा, आबांचा मान राखला, ऑइलही वाचलं.

फक्त एक विसरले. मी मिठागरात वाढलेल्या माणसाला सपाटीबद्दल शिकवत होते.

मिठाच्या वाफ्यात जमीन बोटभरही वरखाली चालत नाही. एका कोपऱ्यात पाणी साचलं की तिथलं मीठ काळं पडतं, दुसऱ्या कोपऱ्यात धरतच नाही. आबा वयाच्या दहाव्या वर्षापासून पायाने सपाटी ओळखायला शिकलेले. ते तडक शेडमध्ये गेले आणि पारदर्शक नळी घेऊन आले. तीत पाणी भरलं, एक टोक मला पुढच्या चाकाशी धरायला लावलं, दुसरं स्वतः मागच्या चाकाशी धरलं. पाण्याची पातळी त्यांना दिसत नव्हती. मला विचारलं, "किती हाय तुझ्याकरं? चाकाच्या बोल्टापास्ना मोज." मी मोजलं. मग माझं टोक त्याच उंचीवर चाकाला अडकवून त्यांच्या बाजूला गेले आणि तिकडचंही मोजलं. दोन्हीकडे सारखं. केसाएवढाही फरक नाही.

"उतार दारापास्ना नालीपरत," ते म्हणाले. "गारी उभी रवते ती जागा मी सपाट ठेवलीय. मना वाटलाच व्हता, कोनतरी पट्टी वाचल हितं."

नळीतलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं. नळी गुंडाळली. ती खुंटीला लावायला गेले तेव्हा पहिल्यांदा खुंटी चुकली.

"मंग डोलं गेलं," ते म्हणाले.

"गेले नाहीत, आबा. मोतीबिंदू असेल. आजकाल काढतात."

"ट्रकावर व्हतो तवा एक जन डोलं दाखवाला गेला. त्याचा लायसन गेला. परत कवा गारीवं दिसला नाय." ते ओटीवर बसले. "डायवरचं डोलं गेलं म्हंजी डायवर गेला. मंग सकालचा उठून मी कराचा काय?"

मला त्यांची इतकी दया आली, आणि दया आली की मला नेहमीच राग येतो. मी म्हटलं, "करायचं काय म्हणजे? लिटरभर ऑइल जास्त भरलंत ते मीच भोगलं ना? आता डोळे दाखवायला नको म्हणता? उद्यापासून मी एकटी बघणार का सगळं? कूलंटमध्ये साबण ओतीन मी!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "ओतल ती. खरा हाय."

आबांनी सोमवारी यायचं कबूल केलं.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. आधी उजवा करायचा ठरलं. तारीख जानेवारीतली मिळाली. मधले दिवस मी बॉनेट उघडायची, आबा शेजारी उभे राहून हात न लावता सूचना द्यायचे, आणि मी केलेलं काहीही त्यांना पटत नसे. "फडका असा नाय धराचा." "पट्टी सरल उतरव, तलवार काय?" एका सकाळी मी ब्रेक ऑइलची पातळी मोठ्याने वाचली, तर म्हणाले, "वरड नको. डोलं गेलंत, कान हायत."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी काढताना मी खोलीत होते. आबांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरांच्या खिशावरचं नावही न विचारता वाचून दाखवलं. खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिले. मला आनंद झाला, फार झाला, पण तिथे दाखवता येईना. म्हणून मी त्यांच्या थेंबांच्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत बसले.

काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर खाली आले. गाडी मी भिंतीकडेला लावली होती. मी माझ्या बाजूचं दार उघडलं, पण आबा बसायला आले नाहीत. ते पलीकडून, डाव्या बाजूने, चष्मा कपाळावर चढवून वाकले होते.

"ही कोनी घासली?"

मी विसरूनच गेले होते. गणपतीत बाजार घेऊन येताना आमच्याच फाटकाच्या खांबाला मागच्या दारापासून चाकापर्यंत गाडी खरवडली होती. हाताएवढा लांब ओरखडा. त्या दिवशी मी बोलणी खायच्या तयारीने घरात शिरले होते आणि आबांनी एक अक्षर काढलं नव्हतं. केवढं मोठं मन, असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं.

"मी," मी म्हटलं. "गणपतीत."

त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"चार महिनं," ते म्हणाले. "रोज सकालचा हिच्याभवती फिरलो मी. आन तुमाला कोनाला समजला नाय, मना दिसत नाय त्या?"

ओरखड्यासाठी माझ्याकडे चार सबबी तयार होत्या. खांब, ऊन, समोरून आलेली स्कूटर. यावर एकही नव्हती.

"नाही समजलं, आबा," मी म्हटलं, आणि दवाखान्याच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मला रडू फुटलं.

आबांनी चष्मा खाली ओढला आणि दार उघडून आत बसले.

"आथा रडतंस कनाला?" ते म्हणाले. "गारी घासली तवा रडाचा व्हता."